दिनकर भोईरचा अमेरिकेचा अर्ज

टायपिंग क्लास चालवणाऱ्याला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही, ते घरबसल्या साठतात. ठाण्यात कोण नोकरी सोडतोय, कोणाचा जागेवरून दावा लागलाय, कोणी वरच्या साहेबाची तक्रार केलीय, सगळं एक ओरिजिनल आणि दोन कार्बन कॉप्या होऊन आमच्या टेबलावरून जायचं. पोस्टमनला नुसतं पाकीट दिसतं, आम्हाला आतला मजकूर. तोंड बंद ठेवायचं हा धंद्याचा नियम, आणि मी तो इतकी वर्षं पाळला. पण आता तो क्लास राहिला नाही, त्यातली निम्मी माणसं राहिली नाहीत, आणि तुम्ही मंडळी चहा घेऊन समोर बसलाय, तर सांगते.

क्लास कोपरीत, स्टेशनपासून चार पावलांवर. मालक माझे काका, त्यांना सगळं कोपरी नाना म्हणायचं. चार मशीनं, त्यातल्या एकाचा ‘ई’ उडायचा. शिकवायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा बाविशीची आणि स्वभाव आत्ता आहे तसाच तिरसट. एका ओळीत दोन चुका झाल्या की मी मशीनमधून कागद ओढून काढायचे. रोज संध्याकाळी कर्णिकसाहेब येऊन बसायचे. ते ठाण्यातल्या एका बँकेत अकाउंटंट, राहायला कल्याणला, आणि नानांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या हाताखाली एक कारकून होता, दिनकर भोईर. माझे सगळे किस्से त्याच्या एका अर्जाचे आहेत.

दिनकर कोलशेतचा. वडिलांचं खाडीकाठी मिठागर. आई लहानपणीच गेलेली, भावंडं नाहीत. घरात अक्षर ओळखणारं दुसरं कोणी नाही आणि हा बी.कॉम. होऊन बँकेत लागलेला. एका शनिवारी दुपारी तो सायकल टेकवून आत आला आणि माझ्यासमोर एक पाकीट ठेवलं. अमेरिकेतल्या एका बिझनेस स्कूलचा प्रवेशाचा फॉर्म! त्याने स्वतःच पत्र लिहून मागवला होता आणि तीन महिने कोणाला बोलला नव्हता. एवढा जाड कागद मी तोवर पाहिला नव्हता.

नाना म्हणाले, “बी.कॉम. झालास, बँकेत चिकटलास, आणि आता परत शाळेत? पाटी-दप्तर पण घे बरोबर.”

“नाना, तिथं फायनान्स शिकवतात.”

“म्हणजे काय?”

“पैसा कुठून निघतो, कुठं जातो, आणि कोलशेतला का थांबत नाही, ते.”

नाना गप्प बसले. नानांना गप्प बसलेलं मी त्याआधी फक्त दाढदुखीत पाहिलं होतं.

अडचणी दोन होत्या. फी माफ करणारी स्कॉलरशिप होती, पण ती पंचविशीच्या आतल्यांना, आणि दिनकरला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे यंदा, नाही तर कधीच नाही. दुसरं, बोटीचं भाडं वडिलांनी दिलं तरच तो जाणार. वडील हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. नुसतं “बगू” म्हणायचे.

* * *

फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न होता, तुम्ही स्वतःहून केलेलं एखादं काम सांगा. दोन पानं जागा सोडलेली. दिनकर मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेऊन आला. मजकूर एवढाच की आमच्या गावात बँकेची खाती उघडण्यात आली आणि त्यात सर्वांचा सहभाग होता. बास.

“खाती उघडली कोणी?” मी विचारलं.

“गावकऱ्यांनी.”

“सुचलं कोणाला?”

“बोलता बोलता निघालं.”

“आणि तू काय केलंस?”

“मी होतो तिथं.”

माझं डोकं फिरलं. “होतं तर तिथलं झाडही होतं, त्याला देतात का स्कॉलरशिप?”

तो खाली बघत म्हणाला, “बाई, आपल्याच तोंडानं आपलं सांगायचं म्हणजे बरं दिसत नाही.” मी म्हटलं, तोंडानं नको सांगू, मशीन माझं आहे, ते सांगेल. तरी ओळ काही वाढेना.

दोन दिवसांनी कोलशेतची पदूबाय भाजीची टोपली घेऊन आमच्या ओट्यावर टेकली. मी सहज विचारलं, तुमच्याकडे ती बँकेची खाती कोणी काढली हो? ती हसायलाच लागली. मग तिच्याकडून कळलं ते असं. बँकेत जाऊन चारचौघांत अंगठा लावायची गावातल्या बायकांना लाज वाटायची, म्हणून त्या जातच नव्हत्या. दिनकर दर रविवारी त्यांना मिठागराच्या ओल्या चिखलात काठीने सही गिरवायला शिकवायचा. हातभर उंचीचं एकेक अक्षर. स्वतःचा बाप सोडून त्याने सगळ्यांना शिकवलं. बाप म्हणायचा, माझा अंगठा समदी वळखतान, मना काय गरज?

तीन महिन्यांनी सगळ्या नव्या लुगड्यांत बँकेत गेल्या. पदूबाय पहिली. फॉर्मवर सहीचा चौकोन दोन बोटांचा, आणि हिला अक्षर ठाऊक ते हातभर. तिने ‘प’ काढला तिथेच चौकोन संपला. ‘द’ला फॉर्म संपला. ती थांबली नाही. उरलेली सही तिने टेबलावर पुरी केली.

संध्याकाळी मी कर्णिकसाहेबांना विचारलं, हे खरं का? शाईचा एक डाग पडला तर कारकुनाला उभा आडवा घेणारा माणूस तो. म्हणाले, “खरं आहे. ते टेबल माझंच. दोन वर्षं झाली, शिपायाला ती जागा पुसू देत नाही मी.”

मी तो सगळा प्रसंग टाईप केला. दिनकरने वाचला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “बाई, मेहनत पदूबायची आहे. तिचं नाव घाला.” घातलं. अमेरिकेत गेलं ते नाव.

* * *

शिफारसपत्रं तीन हवी होती. एक कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचं आलं. दुसरं कर्णिकसाहेब देणार होते. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि स्वतःच्या हाताने लिहून आणलं. एकच ओळ. या माणसाने तक्रारीस जागा दिलेली नाही.

नाना म्हणाले, “अरे, शिफारस लिहायला सांगितली होती, चौकशीचा निकाल नव्हे.”

“याहून जास्त मी कोणाबद्दल लिहिलेलं नाही,” कर्णिकसाहेब म्हणाले. आणि ते खरंच होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ही ओळ दोनदाच लिहिली होती, आणि पहिला माणूस तेव्हा हेड ऑफिसला मोठ्या खुर्चीत बसला होता. पण हे अमेरिकेला कसं कळायचं? आम्ही दोघांनी मिळून त्यांना इतकं पिडलं की शेवटी ते तयार झाले. पेन उघडलं, वाक्याच्या शेवटी ‘यत्किंचितही’ अशा अर्थाचा एक शब्द वाढवला आणि पेन बंद केलं.

मी म्हटलं, “साहेब, एक तरी प्रसंग सांगा. नाही तर तुमच्या त्या यत्किंचितही शब्दापायी पोराचं वर्ष जाईल.”

तेव्हा कुठे त्यांनी तो प्रसंग सांगितला.

एका सकाळी बाजारात कोणीतरी उठवलं की बँक बुडाली. दहाच्या आत बँकेपासून मासळी बाजारापर्यंत रांग लागली. ज्याला त्याला सगळे पैसे आत्ताच्या आत्ता हवे. शाखेच्या मॅनेजरला तेव्हा एजंट म्हणत. एजंटसाहेब आतल्या खोलीत घाम पुसत बसलेले. मुंबईहून रोकड निघाली होती, पण ती यायला दुपारचे तीन वाजणार. तोवर काउंटर बंद केला असता तर लोकांनी दारं तोडली असती.

रांगेतल्या बऱ्याच जणांना पैसे काढायचा फॉर्म भरता येत नव्हता. एका म्हाताऱ्याने दिनकरला हाक मारली, “पोरा, माझा भरून देतोस?” दिनकर बाहेर गेला आणि खुर्ची टाकून बसला. त्याने त्याचा भरला, मग मागच्याचा, मग त्याच्या मागच्याचा. प्रत्येकाचं नाव विचारायचं, बापाचं विचारायचं, गाव विचारायचं, आणि मोत्यासारखं अक्षर काढायचं. एकाने विचारलं, बँक बुडली का रे? हा म्हणाला, “नाही, पण आत्ता पैसे कमी आहेत. तीनला येतील. थांबणार असाल तर फॉर्म तयार ठेवतो.” त्याने सगळ्यांना हेच सांगितलं, आहे तसं. ऊन चढलं तरी कोणी आरडाओरडा केला नाही. आपला नंबर कधी लागतो आणि आपलं नाव ह्या अक्षरात कसं दिसतं, याचंच लोकांना पडलं. तीनला रोकड आली तेव्हा निम्मी रांग भरलेला फॉर्म घडी घालून खिशात ठेवून घरी गेलेली होती.

“मी त्याला नंतर विचारलं,” कर्णिकसाहेब म्हणाले. “मुद्दाम हळू लिहीत होतास ना? तर मला म्हणतो, नाही साहेब, फॉर्म म्हटला की अक्षर नीट पाहिजे.”

अहो, माझ्या अंगावर काटा आला. एवढी मोठी बँक एका पोराच्या अक्षरावर पाच तास उभी राहिली! मी तो प्रसंग कर्णिकसाहेबांच्या नावावर टाईप केला. त्यांनी सही केली, पण ती एक ओळ मात्र सगळ्यात वर ठेवायला लावली.

* * *

दुसरा निबंध जोखमीवर होता. धोका ओळखून वेळेवर निर्णय घेतलेला तुम्ही कधी पाहिलाय का? दिनकरने लिहिलं की माझे वडील मिठागरातलं पाणी जिभेला लावून मीठ कधी धरेल ते सांगतात, आणि त्यावरून माणसं कधी लावायची, ढीग कधी झाकायचा ते ठरवतात. मी कागद ओढूनच काढला. म्हटलं, असल्या थापा मी टाईप करणार नाही.

“बाई, तुम्ही येऊन बघा,” तो म्हणाला.

मी पण हट्टी. रविवारी नाना आणि मी टांगा करून कोलशेतला गेलो. खाडीकडेने चौकोनी खाचरं, त्यात उथळ पाणी, आणि बांधावर उकिडवा बसलेला एक काळाभोर, सडसडीत म्हातारा. हे दिनकरचे वडील, जोमाबाबा. त्यांनी आम्हाला ताडगोळे दिले आणि काय काम आहे तेही विचारलं नाही.

मी एका खाचराकडे बोट दाखवून म्हटलं, “बाबा, यात मीठ कधी धरेल?”

त्यांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली, वाऱ्याकडे तोंड केलं. “परवा. दुपारच्याला मिठाची पापडी येल.” मग शेजारच्या खाचराचं चाखलं. “याला अजून चार दीस. पन चार दीस मी त्याला देनार नाय. परवाच याचा पानी सोडून देनार.”

“का?”

“पाऊस येतोय.”

वैशाखातलं आभाळ, लख्ख. नानांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मंगळवारी दुपारी मी क्लास नानांवर टाकून परत कोलशेतला गेले. पांढरी पापडी धरली होती, बायका मीठ ओढत होत्या, आणि जोमाबाबा ढिगावर गवत टाकून घेत होते. शेजारच्या खाचरातलं पाणी सोडून दिलेलं. बुधवारी सकाळी अवकाळी पाऊस पडला. मी खिडकीत उभी राहून तो बघत होते आणि खरं सांगते, मला भीतीच वाटली त्या माणसाची. आमचे पंचांगवाले जोशी शेजारीच राहायचे, त्यांचे पापड भिजले.

निबंध मी जसाच्या तसा टाईप केला.

* * *

तिसरं शिफारसपत्र अशा माणसाचं हवं होतं, ज्याच्या हाताखाली उमेदवाराने सगळ्यात जास्त काळ काम केलंय. आम्ही एजंटसाहेबांचं नाव काढलं. दिनकर म्हणाला, “पण तसं नाहीये. मी सगळ्यात जास्त बाबांच्या हाताखाली राबलोय. आठव्या वर्षापासून.”

नानांनी कपाळाला हात लावला. “अरे, अंगठा असलेलं शिफारसपत्र अमेरिकेला पाठवणार?”

पण फॉर्मवर तर तसंच विचारलं होतं. जोमाबाबा आले, खुर्चीवर न बसता जमिनीवर बसले आणि म्हणाले, “बाय, मी सांगतंय, तू लिव.” त्यांनी जे सांगितलं ते मी इंग्रजीत करून टाईप करत गेले. पोर खोटं बोलत नाही. दिलेलं काम टाकून जात नाही. उन्हाला कंटाळत नाही. सगळं छान चाललं होतं.

शेवटचा प्रश्न होता, उमेदवारातली उणीव सांगा. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिथे रेघ मारली होती. कर्णिकसाहेबांनी लिहिलं होतं, जरा बारीक आहे. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाची खोट काढायची नाही, एवढं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तो प्रश्न गाळणारच होते. जोमाबाबांनी विचारलं, “अजून काय हाय त्या कागदावर?” मला खोटं बोलवेना. सांगितलं.

म्हातारा जराही थांबला नाही. “त्याला कोनाला नाय बोलाला जमत नाय. कोनी काय पन मागू दे, हा देतो. लिव.”

नाना, कर्णिकसाहेब आणि मी एकदम बोलायला लागलो. अहो बाबा, हा शिकायला चाललाय पैशाचा व्यवहार! उद्या हा मोठा साहेब होणार, लोक ह्याच्याकडे पैसे मागायला येणार, आणि याला नाही म्हणता येत नाही असं लिहायचं? घरी बसवाल पोराला.

“त्यांनी इचारला ना? मंग खरा सांगाचा. आमच्यात बैल देताना खोट सांगून देतान. मारका हाय तर मारका हाय. लपवून दिला तर बैल पन जातो आन घेनाऱ्याचं घर पन.”

मी दिनकरकडे बघितलं. तो म्हणाला, “खरंय बाई ते.”

मी टाईप केलं. आयुष्यात कुठलं वाक्य टाईप करताना माझी बोटं जड झाली असतील तर ते. खाली जोमाबाबांनी अंगठा उठवला, असा स्वच्छ की प्रत्येक रेघ मोजून घ्यावी. नाना पाकीट पोस्टात टाकायच्या आधी टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलून आले.

* * *

दोन महिन्यांनी मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या स्कूलमध्ये शिकून आलेले एक बडे साहेब फोर्टमधल्या त्यांच्या ऑफिसात मुलाखत घेणार होते. दिनकरकडे कोट नव्हता. कर्णिकसाहेबांनी आपल्या लग्नातला कोट काढून दिला. कर्णिककाकूंनी तो दोन दिवस उन्हात घातला, तरी डांबराच्या गोळ्यांचा वास काही जाईना. मी स्वतः त्याची टाय बांधून दिली आणि बजावलं, वाटेत कोणाशी बोलू नकोस.

संध्याकाळी परत आला तो नुसत्या शर्टात.

“कोट कुठाय?” कर्णिकसाहेबांचा आवाज चिरकला.

झालं होतं असं. बाहेर बाकावर दुसरा एक उमेदवार बसला होता. त्याच्या कोटाची बाही टॅक्सीच्या दारात अडकून उसवली होती आणि त्याचा नंबर आधी होता. तो रडकुंडीला आलेला. त्याने विचारलं, मला तुझा कोट दहा मिनिटं देतोस? दिनकरने दिला. तो आत गेला, दुसऱ्या दाराने बाहेर पडला आणि घाबरून तसाच निघून गेला.

“आणि तू तसाच आत गेलास?”

“हो. साहेबांनी विचारलं, तुझ्याकडे कोट नाही का? मी म्हटलं, सकाळी होता.”

“मग?”

“मग त्यांनी विचारलं तसं सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उघडली, बाबांचं पत्र काढलं, शेवटची ओळ वाचली, आणि माझ्याकडे बघून पाच मिनिटं हसत होते. डोळे पुसले. बाकी काही विचारलंच नाही. म्हणाले, जा.”

गेलं वर्ष, नाना म्हणाले. मला तर इतका राग आला की मी दिनकरला चहासुद्धा विचारला नाही. चौथ्या दिवशी तो दुसरा मुलगा पत्ता शोधत शोधत कोपरीत आला. कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास पार गेला होता. त्याला पुढे प्रवेश मिळाला नाही.

दिनकरला मिळाला. स्कॉलरशिपसकट!

* * *

आता राहिला एकच कागद. येण्याजाण्याच्या खर्चाची हमी वडिलांनी घ्यायची आणि खाली अंगठा द्यायचा. दोन महिन्यांच्या आत तो पोचायला हवा, नाही तर जागा दुसऱ्याला. मी टाईप करून तयार ठेवला. जोमाबाबांना बोलावून घेतलं. पेढे आणले.

जोमाबाबांनी पेढा खाल्ला, कागद हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. “मी त्यांना माझ्या पोराची खोट सांगितली,” ते म्हणाले. “त्यांची खोट काय?”

आम्हाला कळेना.

“आमच्यात घेनारा पन सांगतो. माझ्याकडं चारा कमी हाय, का गोठा ओला हाय. मंगच बैलाचा दोर हातात देतान. माझा एकच पोर हाय. मी त्यो ज्याच्याकडं धाडतंय, त्याची खोट मना ठाव नको? त्यांना लिव.”

नाना हात जोडायला लागले. कर्णिकसाहेब म्हणाले, अहो, अशानं दिलेला प्रवेश काढून घेतील. मी मनात म्हटलं, हा म्हातारा पोराचा घास घशातून काढतोय. पण मशीनला कागद लावला. तीन ओळींचं पत्र झालं. माझ्या मुलाची खोट तुम्ही विचारलीत, मी सांगितली. तुमच्या शाळेची खोट काय ते कळवावे. त्यानंतर मी अंगठा देईन.

पत्र विमानाने गेलं. तीन आठवडे काही नाही. चार झाले. दिनकर रोज बँकेतून सुटला की यायचा, मी नजरेनेच विचारायचे, घरी काही आलं का, तो दारातूनच मान हलवायचा आणि सायकलवर बसून जायचा. मी त्या महिन्यात विद्यार्थ्यांच्या अंगावर इतकी ओरडले की दोघांनी क्लास सोडला.

सहाव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, जोमाबाबा कोलशेतहून चालत आले. मागे दिनकर. पाकिटावर नाव ‘श्री. जोमा भोईर’. त्यांनी ते फोडलं नव्हतं. मला दिलं आणि जमिनीवर बसले.

पत्र हाताने लिहिलेलं होतं, खाली त्या स्कूलच्या सगळ्यात वरच्या माणसाची सही. मी आधी मनात वाचलं. नाना माझ्या खांद्यावरून वाचत होते. लिहिलं होतं, आपला प्रश्न योग्य आहे आणि आजवर आम्हाला तो कोणी विचारला नव्हता. आम्ही तो सर्व शिक्षकांपुढे ठेवला. आमची खोट अशी आहे की दूरच्या देशांतून आमच्याकडे आलेली मुलं बहुतेक परत घरी जात नाहीत. त्यांना इथेच चांगली कामं मिळतात, आणि आम्हीही त्यांना थांबवून घेतो. यावर आमच्याकडे उपाय नाही.

नाना माझ्या कानाशी पुटपुटले, “थंडी फार असते म्हणून सांग.”

“नाही, नाना,” दिनकर म्हणाला. त्यालाही तिथून दिसलं असावं. “बाई, आहे तसं वाचा.”

मी मराठीत करून वाचलं. हळूहळू, एकेक वाक्य. जोमाबाबा मशीनच्या पायाकडे बघत ऐकत होते.

“ती खोट परत वाच.”

मी परत वाचली.

ते बराच वेळ दिनकरकडे बघत राहिले. दिनकरही त्यांच्याकडे बघत होता. मग जोमाबाबांनी उजव्या हाताचा अंगठा उपरण्याला पुसला.

“शाई आना, बाय.”

नाना शाई आणतो म्हणून आत गेले, ते बाहेर येईनात. शेवटी मीच उठून आणली.